आमच्या माजघरातली डोलकाठी

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याच्या आमच्या जुन्या घराची डागडुजी काढली. त्यासाठी बेळगावहून आम्ही सगळे गेलो होतो. माजघरावरची तुळई एका टोकाला वाळवीने खाल्ली होती. काका म्हणाले, "काढून टाकू, लोखंडी गर्डर घालू." मलाही पटलं. ती तुळई तशी विचित्रच होती: चौकोनी नाही, गोल, एका बाजूला जाड, दुसरीकडे निमुळती. निमुळत्या टोकाजवळ एक आरपार खाच.

आजी खुर्चीतूनच म्हणाली, "ती तुळई न्हय रे, गलबताची डोलकाठी आसा."

तिच्या सासऱ्यांचं दोन डोलकाठ्यांचं गलबत होतं. एकेकाळी बेळगावचा कितीतरी माल घाट उतरून वेंगुर्ला बंदरात यायचा आणि गलबतांत चढायचा. गलबत जुनं झालं तेव्हा ते मोडलं, पण डोलकाठी घरात आली.

त्या खाचेचा उलगडा आमच्या सुतारकाकांनी केला. तिथे कप्पी असायची. कप्पीवरच्या दोराने शिडासकट परभाण, म्हणजे शिडाची आडवी काठी, वर ओढायची. बंदरात शीड उतरवलं की डोलकाठीच्या आधाराने पोती उचलायची. रात्री तिच्यावर कंदील, नारळी पौर्णिमेला निशाण. किनारा दिसतो का हे बघायला खलाशी तिच्यावरच चढायचा. म्हणजे शीड धरणं हे तिच्या अनेक कामांपैकी एक.

डोलकाठीला लाकूड सरळ, लांब आणि हलकं लागतं. शिवाय वाऱ्यात लवणारं, पण न मोडणारं. सागवान गलबताच्या अंगाला उत्तम, पण जड. म्हणून डोलकाठ्यांसाठी कारवारकडच्या घाटातल्या सुरहोन्नेसारख्या उंच झाडांना मागणी असे. इंग्रज त्या लाकडाला 'पून' म्हणत.

आज मासेमारीच्या ट्रॉलरवर शीड नसतं, तरी डोलकाठी असतेच: दिवे, अँटेना आणि जाळं उचलायची कप्पी सांभाळायला. आणि खरी शिडाची डोलकाठी बघायची तर नौदलाचं 'तरंगिणी' हे प्रशिक्षण जहाज आहे. तीन डोलकाठ्यांचं हे जहाज गोवा शिपयार्डने बांधलं आणि १९९७ साली ते नौदलात दाखल झालं.

सुतारकाकांनी तुळईवर हातोडी मारत कान लावला. किडलेलं टोक जेमतेम दीड हात. बाकी लाकूड खणखणीत. "खाऱ्या हवेत तुमचा गर्डर गंजेल, ही नाही गंजायची," ते काकांना म्हणाले. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग किडका भाग कापून त्या टोकाखाली नवा खांब दिला.

रंग खरवडल्यावर खाचेच्या कडेला दोराने घासून पडलेली चर दिसली. मी स्टुलावर चढून तिच्यावर बोट फिरवलं. पणजोबांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. ही चर मात्र आहे.

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा एकदा आढ्याकडे मान वर करून बघा. आणि काही वेगळं दिसलं तर ते काढून टाकण्याआधी घरातल्या आजीला विचारा.