हट्टी मूल आणि बदललेलें ताट

लहान मुलाच्या आजारांत औषध एकवेळ गोडीगुलाबीनें घशाखालीं उतरवितां येतें. परंतु पथ्य दिवसांतून चार वेळां, आणि तेंही वर्षानुवर्षें सांभाळावयाचें म्हटलें म्हणजे साऱ्या घराची परीक्षा होते. त्यांतून गहूं आणि दूध हींच वर्ज्य ठरलीं, तर पोळी, शिरा, दहींभात, खीर असें जें जें मुलाला प्रिय, तें तें ताटांतून एकदम नाहींसें होतें. अगोदरच खाण्यास नाखूष असलेलें मूल उपाशी राहील, ह्या भीतीनें आईचा जीव कासावीस होतो. म्हणून ह्या पथ्याचें मर्म प्रथम घरांतील सर्वांनीं समजून घ्यावें.

गहूं, जव व राय ह्या धान्यांत ग्लूटेन नांवाचें प्रथिन असतें. सीलिॲक ह्या विकारांत त्या प्रथिनामुळें शरीराची संरक्षक शक्ति लहान आंतड्याच्या अस्तरावरच उलटते. तेथील सूक्ष्म अंकुर झिजतात, अन्न अंगीं लागत नाहीं, पोट फुगतें आणि वाढ खुंटते. १८८८ सालीं लंडनच्या सॅम्युएल गी ह्यांनीं ह्या रोगाचें वर्णन करून, रोगी बरा व्हावयाचा तर तो आहारानेंच होईल, असें प्रतिपादिलें. कोणत्या आहारानें, हें हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिक्के ह्यांनीं दाखविलें. गव्हाविषयीं त्यांस महायुद्धापूर्वींच संशय आला होता. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यांतील अनुभवानें तो दृढ झाला, आणि १९५० सालीं उट्रेख्त विद्यापीठास दिलेल्या प्रबंधांत त्यांनीं तो सप्रमाण मांडला.

येथें एक सूचना महत्त्वाची आहे. नुसता संशय आला म्हणून गहूं आपल्या मनानें बंद करूं नये. रक्ताची तपासणी मूल गहूं खात असतांनाच करावी लागते. नाहीं तर रोग असूनही तो दिसत नाहीं. दुधाची गोष्ट निराळी आहे. आंतडें झिजल्यामुळें दुधांतील साखर पचत नसेल, तर गहूं सुटल्यावर कांहीं महिन्यांनीं बहुधा दूध पुन्हां सोसूं लागतें. परंतु दुधांतील प्रथिनाचेंच वावडें असेल, तर गाईऐवजीं शेळीचें दूध देऊनही भागत नाहीं. ह्यांपैकीं कोणता प्रकार, हें डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें.

पैठणच्या वाटेवरील बिडकीनसारख्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबांस एक गोष्ट अनुकूल आहे. ज्वारी व बाजरी हीं ह्या मुलखाचीं घरचींच धान्यें, आणि त्यांत ग्लूटेन मुळींच नाहीं. तांदूळ, नाचणी, वरी, राजगिरा, साबुदाणा हेही निर्धोक. म्हणजे आपल्या उपवासाचा बहुतेक फराळ ह्या मुलाला चालतो, मात्र तूप-दह्याचें तेवढें पाहावें. धोका असतो तो लपलेल्या गव्हाचा. बाजारी हिंगांत पुष्कळदां गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें. मेतकुटांत, थालिपिठाच्या भाजणींत व सातूच्या पिठांतही गहूं पडतो. गिरणींत गव्हापाठोपाठ ज्वारी दळली, तरी तेंच विघ्न. म्हणून ह्या मुलाचें धान्य घरच्या जात्यावर दळावें. पोळपाट-लाटणें व डबेही निराळे ठेवावे. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत किलोमागें २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन नसावें, असा आपल्या देशांतील नियम आहे. ह्यावरून ‘एवढ्याशानें काय होतें’ हें वाक्य किती घातक आहे, तें ध्यानीं येईल.

आतां हट्टी मुलाविषयीं. अनोळखी पदार्थ पहिल्या घासाला थुंकला, म्हणजे तो कायमचा नावडला असें नव्हे. आठदहा किंवा त्याहूनही अधिक वेळां तो समोर आला, म्हणजे जिभेची ओळख पटते. ह्यास्तव एका वेळीं एकच नवा पदार्थ द्यावा, आणि तोही आवडत्या वरणभाताच्या शेजारीं, चिमूटभर. ज्वारीचें पीठ उकळत्या पाण्यांत उकडून मळलें, तर भाकरी मऊ होते. ती पुरीएवढी थापून, तव्यावरून उतरतांच द्यावी. पिठाचा एक गोळा मुलाच्याच हातीं थापावयास दिला, तर स्वतःची भाकरी तें सहसा टाकीत नाहीं. मिश्र डाळींचें धिरडें, नारळाच्या दुधांतील गूळ घातलेली नाचणीची खीर, उकडीचे मोदक, तिळाचे लाडू ह्यांनीं गोडाचीही हौस भागते. मात्र आग्रह, धाक किंवा लांच ह्यांपैकीं कांहींएक नको. काय व केव्हां वाढावयाचें तें वडिलांनीं ठरवावें; किती खावयाचें तें मुलावर सोपवावें.

दूध सुटल्यानें कॅल्शियमची उणीव पडते. नाचणींत तें शंभर ग्रॅमला सुमारें साडेतीनशे मिलिग्रॅम असतें; तिळांतही विपुल. परंतु शाकाहारी घरांत बी-१२ हें जीवनसत्त्व मुख्यतः दुधांतूनच मिळतें, तेव्हां तें औषधरूपानें देण्याविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें.

शेवटीं, हें पथ्य एकट्या आईच्यानें निभत नाहीं. आजीनें मायेनें भरविलेला सत्यनारायणाच्या शिऱ्याचा एक घास महिन्यांची मेहनत वायां घालवूं शकतो. त्या दिवशीं ह्या मुलासाठीं केळें किंवा खोबऱ्याचा प्रसाद ठेवला, तर देवाचें कांहीं उणें होत नाहीं. शक्य तर रात्रीच्या पंगतीला सर्वांनींच भाकरी घ्यावी. आजोबांच्या ताटांत जें आहे तेंच आपल्याही ताटांत आहे, हें दिसलें म्हणजे मुलाला आपण निराळे आहोंत असें वाटत नाहीं, आणि हट्टाचें निम्में बळ तेथेंच सरतें.