चिखल्याचा दगड आणि मुंबईचे तेल

बारावी सायन्सचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच प्रश्न विचारला जातो, 'डॉक्टर की इंजिनिअर?' आमच्याही घरी तेच झाले. मुलगी म्हणाली, "अब्बू, मला जिऑलॉजी घ्यायचीय." आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. दगड शिकून काय मिळणार? आणि डोंगरात फिरायला मुलीला पाठवायचे कसे?

आम्ही राहतो तुमसरला. चिखला इथून जवळच, पण आमच्या लेखी ती फक्त मँगनीजची खाण. भंडारा जिल्ह्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या दोन्ही खाणी 'मॉइल' ही सरकारी कंपनी चालवते. चिखल्यात जमिनीखाली उतरून काम चालते.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत लेक घरी आली, तेव्हा ती आम्हाला त्या बाजूला घेऊन गेली. तिने जे सांगितले ते आम्हाला ठाऊकच नव्हते. या पट्ट्यातल्या खडकांना 'सौसर गट' म्हणतात आणि त्यातल्या एका थराला शेजारच्या सीतासावंगी गावाचे नाव आहे. इथल्या मँगनीजच्या एका खडकाला इंग्रज भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड समाजावरून 'गोंडाइट' म्हटले. त्यांचा मोठा ग्रंथ 1909 सालचा. म्हणजे जगभरचे विद्यार्थी आपल्या मुलखाची नावे पाठ करतात.

याच गटात संगमरवरही आहे. तो एके काळी समुद्राच्या तळाशी साचलेला चुना होता. वर्गात याची पहिली ओळख अगदी सोपी असते. दगडावर पातळ आम्लाचा थेंब टाकायचा. फसफसला तर चुनखडी, आणि पूड केल्यावरच जेमतेम फसफसला तर डोलोमाइट. पुढे दगडाची कागदाहून पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यात शिंपल्यांचे तुकडे, कण आणि कणांमधल्या पोकळ्या दिसतात.

या पोकळ्यांत तेल साठते. 1974 साली सापडलेल्या मुंबई हायचे तेल मुख्यतः चुनखडीच्या थरांतच आहे. 1976 पासून ते बाहेर निघू लागले. आम्हाला वाटायचे, जमिनीखाली तेलाचे तळे असेल. तसे काही नसते. स्पंजात पाणी मुरावे तसे ते दगडात मुरलेले असते आणि वर न झिरपणाऱ्या खडकाचे झाकण असते.

आम्ही विचारले, "मग चिखल्याच्या चुन्यात तेल का नाही?" ती हसली. "अम्मी, तेल शिजायला साधारण 60 ते 120 अंश उष्णता लागते. इथला दगड त्याच्या कितीतरी पट तापला, दबला, म्हणून तर संगमरवर झाला. पोकळ्याही मिटल्या. जास्त आचेवर सालन जळते, तसेच."

तेलाची विद्या शिकताना, तेल कुठे नसते हेही शिकावे लागते. त्यासाठी चिखल्यासारखे गाव फार कामाचे.

वाट अशी आहे. जिऑलॉजी विषय घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर 'जॅम' परीक्षा. पुढे तेल कंपन्यांसाठी त्यांच्या भरतीची परीक्षा, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी यूपीएससीची वेगळी परीक्षा. धनबादची 1926 सालची खाण-शिक्षणसंस्थाही आज आयआयटी आहे.

मुलींचे काय? खाणीच्या कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करायला मनाई होती. 2019 साली तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी, दिवसाच्या वेळेत, अटींसह मुभा मिळाली. दार उघडले आहे, पण उंबरठा ओलांडू द्यायचा की नाही हे घरच ठरवते. फील्डवर्कला जाताना सोबत शिक्षक कोण, मुक्काम कुठे, मुली किती, हे आम्ही विचारले आणि समाधान झाल्यावरच होकार दिला. विचारणे आईबापाचा हक्क आहे. न विचारताच 'नाही' म्हणणे बरे नव्हे.

हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी हिंदुस्थानात आला. डोंगराजवळचे धोंडे मोठे, पुढे लहान, मग वाळू, हे पाहून त्याने ताडले की इथले मैदान कधी समुद्र होते आणि नद्यांच्या गाळाने भरले. दगड वाचण्याचे हे इल्म आपल्याला परके नाही.

आमच्या खिडकीत आता चिखल्याकडचा एक काळा दगड ठेवला आहे. पाहुणे विचारतात, "हे काय?" उत्तर द्यायला आम्ही लेकीला हाक मारतो.