पायगाडी घेतांना

आमचें घर कासूस आहे. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास भातखाचरें व खाजणें, आणि मधून पनवेल-रोहा लोहमार्ग व मुंबई-गोवा महामार्ग गेलेले, एवढें वर्णन पुरे. घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. त्या अकराजणांस पुरून उरेल असा एक वाद गतवर्षीं गणेशचतुर्थीपासून संक्रांतीपर्यंत चालला होता. आणि वादाचा विषय काय, तर एक सायकल!

आमची थोरली नात बावीस वर्षांची आहे. पेणेस नोकरीला जाते. तिनें एका रात्रीं पंगतींत जाहीर केलें, "आजोबा, मला वेगाची सायकल घ्यावयाची आहे, आणि पुढल्या हिवाळ्यांत दोनशें किलोमीटरांची ब्रेव्हे पुरी करावयाची आहे." ब्रेव्हे ही शर्यत नव्हे. साडेतेरा तासांच्या आंत २०० किलोमीटर अंतर स्वतःच्या बळावर तोडावयाचें, एवढाच तिचा नियम. तिच्या आजीनें विचारलें, "त्या महामार्गावर? ट्रकवाले काय तुझे मामा लागतात?" नातीनें पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचें उदाहरण पुढें केलें, २०१८ सालीं त्या मुलीनें १५९ दिवसांत सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आम्हीं त्यांत मुंबईच्या अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा या तिघांची भर घातली. ते १९२३ सालीं निघाले व १९२८ सालीं जग फिरून परतले. धाकटे बंधू म्हणाले, "दादा, प्रदक्षिणा राहूं द्या, पैसे किती लागणार तें सांगा."

निकाल अखेर आमच्याकडे आला, आणि तो आम्हीं चुकीचा दिला.

आमच्या लहानपणीं सायकल तासाच्या भाड्यानें मिळे. नळीखालून पाय घालून ती शिकलेल्या आमच्या पिढीच्या मनांत कपडे व सायकल हीं वाढत्या अंगाचींच घ्यावीं, हें सूत्र कायमचें बसलें आहे. नातीची उंची ५ फूट १ इंच. ती आतां कोठें वाढणार, हा विचार आम्हांस शिवला नाहीं. एका दुकानीं वापरलेली सायकल १८,००० रुपयांस मिळत होती. सांगाडा ५४ सेंटिमीटरांचा. "बैठक खालीं-वर केली कीं कोणासही बसते," दुकानदार म्हणाला. आम्हीं पेन्शनींतून पैसे मोजले व स्वस्तांत मिळाली म्हणून घरीं येऊन बढाईही मारली.

तीन आठवड्यांत मुलीची मान धरली, हाताच्या करंगळ्या बधिर होऊं लागल्या. एके सकाळीं वडखळच्या अलीकडे पुढल्या टेंपोनें एकाएकीं वेग कमी केला. हिचीं बोटें ब्रेकाच्या मुठीपर्यंत वेळेवर पोंचलीं नाहींत, आणि पोर कडेच्या खडीवर पडली. गुडघा सोलवटला, तेवढ्यावर निभावलें. मग दोन महिने सायकल पडवींत भिंतीस टेंकून उभी. "मलाच जमत नसेल, आजोबा," असें ती म्हणाली, तेव्हां आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं. चूक तिची नव्हती, मापाची होती; आणि माप आम्हीं घेतलेंच नव्हतें.

तें कसें घ्यावें हें पेणेच्या एका वृद्ध कारागिरानें शिकविलें. अनवाणी, भिंतीस पाठ लावून उभें राहावें. दोन पायांमध्यें एक जाड पुस्तक आडवें धरून तें वर घट्ट टेंकवावें (आम्हीं आपट्यांचा संस्कृत कोश वापरला, त्याचा असाही उपयोग होईल असें वाटलें नव्हतें), आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजावें. नातीचें माप भरलें ७१ सेंटिमीटर. त्यास ०.६७ नें गुणिलें असतां सांगाड्याचें माप सुमारें ४७॥ येतें. म्हणजे आम्हीं सहा सेंटिमीटरांहून अधिक अन्याय केला होता! त्याच ७१ ला ०.८८३ नें गुणावें. जो आंकडा येईल, येथें ६२.७, तेवढी पायट्यांच्या मधल्या आंसापासून बैठकीच्या माथ्यापर्यंतची उंची असावी. आतांच्या सायकलींची वरची नळी उतरती असते, यास्तव प्रत्येक कंपनीचे आंकडे निराळे पडतात. तेव्हां नळीवर पाय टाकून उभें राहावें. खालीं दोन-तीन सेंटिमीटर जागा मोकळी राहिली पाहिजे. नंतर मेंढ्याच्या शिंगांसारख्या वांकड्या दांड्यावर हात ठेवून कोपरें किंचित् सैल राहतात कीं नाहीं व बोटें ब्रेकाला सहज लागतात कीं नाहीं, हें पाहावें. बैठक वर-खालीं करतां येते; लांब सांगाडा आंखूड करतां येत नाहीं.

चाकांची एक गंमत सांगण्याजोगी आहे. आपल्या काळ्या सायकलीच्या चाकासही अठ्ठावीस इंची म्हणतात आणि वेगाच्या सायकलीच्या चाकासही तेंच नांव चालतें; परंतु पहिल्याच्या धांवेचा बैठकव्यास ६३५ मिलिमीटर, तर दुसऱ्याचा ६२२. आमच्या चिरंजीवांनीं गांवच्या दुकानांतून अठ्ठावीस इंची टायर आणला व तासभर खटपट करून परत नेऊन दिला. टायराच्या अंगावर हे आंकडे छापलेले असतात, ते वाचावे. रुंदी २३ मिलिमीटरांची असेल तर आमच्यासारख्या रस्त्यावर नको. पनवेल ते इंदापूर या महामार्गाचें रुंदीकरण २०११ सालीं सुरू झालें, त्यानंतर येथल्या खड्ड्यांत किती पावसाळे सांठले तें प्रवाशांनाच ठाऊक. २८ किंवा ३२ चा टायर बसेल एवढी जागा कांट्यांत असावी.

दांते पुढें दोन व मागें सात-आठ असले कीं नवशिक्यास पुष्कळ झालें. पुढचें लहान चक्र ३४ दांत्यांचें व मागचें सर्वांत मोठेंही ३४ चें असल्यास पायट्याच्या एका फेऱ्यांत चाकही एकच फेरा घेतें, गाडी सुमारें २.१ मीटर सरकते, आणि सुकेळीची खिंड बसल्या बसल्या चढतां येते. कार्बनच्या सांगाड्याचा मोह नवशिक्यानें धरूं नये, ॲल्युमिनियम पुरे. ब्रेक मात्र आमच्या पावसाकरितां चकतीचे बरे. चाकाच्या कडेवर घासणारे ब्रेक चिखलांत कडाच खातात.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि हवेच्या धांवेचें डनलॉपचें पेटंटही त्याच सालचें. तेव्हांपासून आपल्याकडे दुकानदार गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहून सायकल दाखवितो, पायांकडे पाहून नव्हे, अशी आमची समजूत आहे. ती कोणीं खोटी ठरविल्यास आनंदच होईल.

पहिली सायकल आम्हीं ११,००० रुपयांस विकली. गिऱ्हाईक सहा फुटी होतें, त्यास ती अंगच्यासारखी बसली. दुसरी नवीन घेतली. हल्लीं अशा सायकली साधारण पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत पडतात. त्यांतच शिरस्त्राण, मागचा तांबडा दिवा, पंप व दोन जादा ट्यूबा यांचे पैसे आधींच बाजूस काढावे. पंप घेतांना हवेचें तोंड कोणत्या जातीचें तें पाहावें; बारीक तोंडाच्या ट्यूबेस साधा पंप लागत नाहीं. जुनीच घेणाऱ्यानें साखळी पट्टीवर मोजावी. बारा कड्यांचें माप बरोबर बारा इंच आलें पाहिजे. एक सोळांश इंच वाढलें असेल तर साखळी बदलावी, आणि एक अष्टमांश वाढलें तर मागचे दांतेही गेले असें समजून किंमत पाडून मागावी. सांगाड्याच्या जोडांवर रंगाखालीं केसाएवढी चीर दिसली तर सायकल फुकटही नको.

आतां दर रविवारीं पहांटे साडेपांचला पडवींतला दिवा लागतो. नात नागोठण्यावरून सुकेळी चढून नवाच्या आंत परत येते. गेल्या खेपेस तिला पाऊण तास उशीर झाला, तर आजी फाटकाशीं उभी. हिनें येतांच सायकल टेंकवून सांगितलें, "पंक्चर झालें, आजी, मीं स्वतः काढलें." हात काळे होते. आजीनें तिच्या हातावर साबणाऐवजीं खोबरेल तेल ओतलें आणि "ती ब्रेव्हे कोणत्या तारखेस आहे?" असें विचारलें.