पायऱ्या ज्याच्या त्याच्या

मंत्रचळावरच्या उपचाराचा गाभा जुना आहे. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हापासूनचा. ज्याची धास्ती त्याला हात लावायचा आणि नंतर हात धुवायचे नाहीत. अस्वस्थता लगेच उतरेलच असं नाही. पण न धुताही निभावतं, हे ज्याचं त्याने अनुभवावं लागतं. त्यासाठी भीतीला शून्य ते शंभर आकडे देऊन पायऱ्या पाडतात.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंना (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत) हे आकडे काही जमेनात. "चाळीस काय नि साठ काय, भीती ती भीतीच." मग आकडे बाजूला ठेवले आणि त्यांच्या घरातल्या वस्तूच मांडल्या: दाराची कडी, दुधाची पिशवी, केरसुणी, चपला. "पिशवीचं बघू. चपलांचं आज नाव काढू नका."

पुढच्या वेळी पिशवी टेबलावर आली. काकूंनी ती उचलली, ठेवली आणि ओले तळवे अंगापासून लांब धरून बसल्या. बोटं फाकलेली, नजर बेसिनकडे. मीही पिशवीला हात लावला आणि तोच हात माझ्या ओढणीला पुसला. बऱ्याच वेळाने त्यांनी पदर धरला.

पूजेआधी हातपाय धुण्याला मी हात घातला नाही. ती त्यांची श्रद्धा. फक्त विचारलं, "जाऊबाई किती वेळा धुतात?" "एकदा." मग यांचंही एकदाच ठरलं.

कुलूप पुन्हापुन्हा तपासणाऱ्या एका मुलाला मात्र आकडे फारच आवडले. त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला आणि दोन आठवड्यांत तो तक्ताच तपासत बसला. त्याचा तक्ता बंद करावा लागला.

माणूस पाहून उपचार बेतायचे, याचा अर्थ अवघड भाग गाळायचा असा काही जण घेतात. महिनोन्‌महिने गप्पा होतात, पेशंटला बरं वाटतं आणि आजार तसाच राहतो. याचा मला मनापासून राग येतो.

काकूंच्या घरी खरी अडचण काकांची होती. "हात स्वच्छ आहेत ना हो?" असं त्या विचारणार आणि हे प्रेमाने "हो" म्हणणार. त्या होकाराने घटकाभर सुटका होते आणि प्रश्न पुन्हा येतो. तेव्हा पुढची दोन सेशन्स काकांसाठी ठेवली. काय म्हणायचं, याची तालीम केली. नुसतं गप्प राहणं त्यांना निष्ठुर वाटत होतं. शेवटी त्यांनीच वाक्य शोधलं: "याचं उत्तर देणार नाही, पण इथेच बसतो."