थंडीची लाट आणि दोन-तीन दिवसांचा अंदाज



निफाडकडे माझ्या एका स्नेह्यांची द्राक्षबाग आहे. एका पौषांत मी त्यांच्याकडे उतरलों असतां दोन दिवस आभाळ भरून राहिलें व गारठा बराच ओसरला. ‘मास्तर, थंडी सरली,’ असें ते म्हणाले. मींहि मान डोलावली. चौथ्या दिवशीं पहांटे वेलींचे कोंवळे शेंडे करपलेले दिसले. रेडिओवरील इशारा आम्हीं दोघांनींहि ऐकला होता. तो उमगला मात्र नव्हता.

हिवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें इराण-अफगाणिस्तानावरून जे झंझावात भारताकडे येतात, त्यांस पश्चिमी झंझावात म्हणतात. ते हिमालयाशीं पोंचले म्हणजे काश्मीरांत व हिमाचलांत बर्फ पडतें, पंजाबांत गव्हास उपकारक असा पाऊस होतो. ढग असेपर्यंत जमिनीची ऊब पांघरुणाखालीं राहावी तशी टिकते आणि रात्रीचें तपमान चढतें. पुढें झंझावात पूर्वेकडे सरकला, आकाश निवळलें, कीं उत्तरेचे कोरडे, थंड वारे खालीं उतरतात. कधीं ते नाशिक-विदर्भापर्यंत येतात. म्हणजे ढगाळ ऊब ही पुष्कळदां थंडी सरल्याची नव्हे, येऊं घातल्याची खूण असते.

१८७५ सालीं स्थापन झालेलें आपलें हवामानखातें हे झंझावात दूर असतांनाच उपग्रहांच्या साह्यानें हेरतें. म्हणूनच दोन-तीन दिवसांचा अंदाज बव्हंशीं भरंवशाचा ठरतो. ‘थंडीची लाट’ हे शब्द त्यांत मोजूनमापून येतात: मैदानी भागांत किमान तपमान १० अंश सेल्सिअस वा कमी आणि शिवाय सरासरीहून निदान ४.५ अंश खालीं. अथवा थेट ४ अंश वा त्याहून कमी. जानेवारींतले १० अंश अमृतसरकरांस उबदारच वाटतील. मुंबईकर मात्र कुडकुडेल!

आतां खरी मेख. अंदाजांतील तपमान असतें तें झडपांच्या पांढऱ्या पेटींतल्या तापमापकाचें, आणि हा तापमापक जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंचीवर असतो. निवांत, निरभ्र रात्रीं गवत व पानें आपली उष्णता आकाशाकडे भराभर टाकतात. थंड हवा जड असल्यामुळें सखल जागीं सांचते. पेटींत ४ अंश असतांहि पानावरचें दंव गोठूं शकतें. ‘चार म्हणजे कांहीं शून्य नव्हे,’ हा शाळेंतला हिशेब त्या दिवशीं मीच स्नेह्यांस ऐकविला होता!

आतां इशारा आला कीं ते रात्रीं बागेस पाणी देतात, कारण ओली जमीन ऊब अधिक धरते. पहांटे ओळींमधून शेकोट्या पेटवितात. सूर्यास्तानंतर वारा पडला आणि चांदण्या लखलखूं लागल्या, तर त्या रात्रीं ते अंथरुणास पाठ टेकीत नाहींत.