मार्चमध्ये वर्ध्यात गारा काऊन पडतात? वाऱ्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे, म्हणजे" काढलेत.

दर मार्चला आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो. गहू कापायला आलेला असतो, हरभऱ्याचे ढीग शेतात असतात, आर्वी-आष्टी-कारंजाकडे झाडांवर मृग बहाराचा संत्रा असतो. दुपारी अंग भाजणारं ऊन. चार वाजता आभाळ काळं होतं आणि पंधरा मिनिटांत सगळं शेत पांढरं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर अख्ख्या महाराष्ट्राला आठवते. एवढ्या उन्हात बर्फ येतो कुठून? याचं उत्तर ढगापेक्षा वाऱ्यात जास्त आहे, म्हणून आधी वारा समजून घेऊ.

वारा म्हणजे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघालेली हवा. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व काढला की जे होतं तेच. आता हा दाब कमी-जास्त का होतो? कारण ऊन सगळीकडे सारखं पडत नाही, आणि पडलं तरी सगळं सारखं तापत नाही. आपली काळी माती पटकन तापते, समुद्र सावकाश तापतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, खाली दाब कमी होतो, आणि शेजारची हवा तिकडे धावते.

हेच पृथ्वीच्या मापावर बघा. विषुववृत्ताजवळ हवा तापून वर चढते, वरच्या वर ध्रुवांकडे सरकते आणि साधारण ३० अंशांच्या आसपास खाली उतरते. खाली उतरणारी हवा कोरडी असते, म्हणून सहारा, अरबस्तान, थर अशी वाळवंटं त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या जवळपास. तिथून जमिनीलगत ती परत विषुववृत्ताकडे येते. हेच व्यापारी वारे. ३० अंशांच्या पलीकडे पश्चिमेकडून येणारे वारे, आणि ध्रुवाजवळ पुन्हा पूर्वेकडून.

पण मग उत्तरेकडून निघालेला वारा सरळ दक्षिणेला का जात नाही? कारण खालची पृथ्वी फिरतेय. विषुववृत्तावरचा माणूस पृथ्वीसोबत तासाला सुमारे १६७० किमी वेगाने पूर्वेला जातोय. वर्धा २०.७ अंश उत्तरेला आहे, म्हणून आपण जरा हळू, साधारण १५६०. दिल्लीवाले आणखी हळू, १४७० च्या आसपास. दिल्लीहून निघालेली हवा आपल्याकडे येईपर्यंत मागे पडते, म्हणजे पश्चिमेकडे, तिच्या उजव्या हाताला वळते. जॉर्ज हॅडली या इंग्रजाने १७३५ मध्ये साधारण हेच सांगितलं होतं. त्याचं उत्तर बरोबर होतं, लॉजिक अर्धवट. (आमच्या धंद्यात हे रोज होतं, कोड चालतो पण का चालतो ते विचारू नका.) कारण सरळ पूर्वेला जाणारा वारासुद्धा उजवीकडे वळतो, आणि ते हॅडलीच्या हिशोबात बसत नाही. पूर्ण गणित फ्रान्सच्या कोरिओलिसने १८३५ मध्ये मांडलं, तेही वाऱ्यासाठी नाही, फिरणाऱ्या यंत्रांसाठी.

तुम्ही एवढंच लक्षात ठेवा: उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळतो. म्हणून जास्त दाबाच्या जागेतून बाहेर पडणारी हवा सरळ न जाता घड्याळाच्या काट्यासारखी गोल फिरते.

आता मार्चचा नकाशा डोळ्यासमोर आणा. या दिवसांत बऱ्याचदा एक जास्त दाबाचं चाक अरबी समुद्राच्या बाजूला असतं, दुसरं बंगालच्या उपसागरावर. दोन्ही घड्याळाच्या दिशेने फिरतात. पश्चिमेच्या चाकाची उजवी कड कोरडी हवा वायव्येकडून खाली आणते. पूर्वेच्या चाकाची डावी कड दमट हवा दक्षिण-आग्नेयेकडून वर आणते. आणि ही दोन्ही चाकं जिथे एकमेकांना घासतात, ती रेघ पुष्कळदा विदर्भ, मराठवाडा, कर्नाटक अशी जाते. हवामान खात्याच्या अंदाजात "वाऱ्याची खंडितता" असा बोजड शब्द येतो ना, तो हाच. नाव कोणी ठेवलं देव जाणे.

ही रेघ सरकली की घरात बसून कळतं. वायव्येची कोरडी हवा असली की कुलर मस्त गार करतो, कारण पाणी भराभर उडतं. एक दिवस तोच कुलर चिपचिप करायला लागतो. वाळा बदलून उपयोग नाही बाप्पा, हवा फिरली आहे. बंगालचा उपसागर तुमच्या खोलीत आलाय.

दोन वारे समोरासमोर आले की हवेला वर जाण्याशिवाय रस्ता उरत नाही. त्यात जमीन तापलेली, आणि वर उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची थंड हवा आली असेल तर ढग १२ किमीच्याही वर चढतो. खाली कितीही ऊन असो, ४-५ किमीवर तापमान शून्याखाली गेलेलं असतं. तिथे थेंब गोठतो, खालून वर येणारा झोत त्याला पडू देत नाही, थरावर थर चढतात. झोताला वजन पेलेनासं झालं की गार खाली, थेट संत्र्यावर.

पावसाळ्यात हा सगळा खेळ बदलतो. दक्षिण गोलार्धातले व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडून येतात, उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होतात. पण मुंबईपासून आपण सहाशे किमीहून जास्त लांब, आणि मध्ये सह्याद्री. त्यामुळे वर्ध्याचा जोरदार पाऊस बऱ्याचदा बंगालच्या उपसागरात तयार झालेल्या, ओडिशा-छत्तीसगडवरून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. मुंबई तुंबली म्हणून देवळीत पेरणी करायची नसते, ती यासाठी.

मोबाईल हातात आहेच, तर दोन कामं करा. विंडी उघडून मार्च-एप्रिलमध्ये विदर्भावरचे बाण बघा, वायव्येचे आणि आग्नेयेचे बाण कुठे भेटतात ते दिसेल. आणि घरच्यांच्या फोनमध्ये "दामिनी" टाकून द्या, पुण्याच्या आयआयटीएमचं आहे, आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. बाण आपल्यावर भेटत असतील आणि नागपूरच्या हवामान केंद्राचा इशाराही असेल, तर हरभऱ्याच्या ढिगावर ताडपत्री दुपारीच टाका. चार वाजता वारा सुटल्यावर ती दोघांनाही आवरत नाही.