अंधार पडायच्या आत

दुपारचे चार वाजलेत. सूर्य मावळायला दोन तास आहेत आणि हे दोन तासच सगळ्यात महत्त्वाचे. दादा व्हॅन माळाच्या कडेला थांबवतो, मुलं उड्या मारून उतरतात, पण तंबूच्या पिशवीला अजून कोणी हात लावत नाही. आधी जागा बघायची.

मुरशेतजवळ, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठावर आम्ही आहोत. समोर पाणी, पाण्यापलीकडे रतनगड आणि त्याच्या शेजारी ताठ उभा असलेला खुटा हा सुळका. पाठीमागे कळसूबाईची रांग. जानेवारी महिना आहे. प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. तेव्हापासून पावसाळ्यात तुडुंब भरायचं आणि पुढे खालच्या शेतीसाठी हळूहळू रितं व्हायचं, हाच या पाण्याचा क्रम. त्यामुळे आत्ता काठाला गाळाचा रुंद पट्टा उघडा पडलाय. धाकट्या पुतण्याला तंबू नेमका तिथेच हवाय, पाण्याला अगदी लागून.

जागेचे मालक, ज्यांना मुलं पहिल्या भेटीपासून मामा म्हणू लागलीत, काही न बोलता त्या गाळात टाच रोवतात. टाच बुडते आणि खळग्यात पाणी झिरपायला लागतं. "हितं खुटी धरायची नाही बाळा. आन् रातीला गारठा पान्याकडनंच येतो." मग आम्ही आंब्याकडे वळतो. सावली छान आहे, पण मामा बोटाने वर दाखवतात. एक जाड फांदी पार वाळलेली आहे. ती कधी पडेल ते वाऱ्याच्या हातात, म्हणून आंबाही बाद. शेवटी पाण्यापासून बऱ्याच वर, मुरमाड, किंचित उताराची जागा पक्की होते. डोकी चढाच्या बाजूला येतील असं झोपायचं, म्हणजे रात्रभर कोणी घसरत राहणार नाही. थोरली पुतणी ओणवी होऊन खडे आणि काटक्या वेचायला लागते. आत्ता हाताला लागलेला खडा रात्री पाठीला लागत नाही, हे तिला आता सांगावं लागत नाही.

दादा व्हॅन पुन्हा सुरू करतो आणि वारा येतो त्या बाजूला आडवी लावतो. तंबूला आडोसा मिळतो, आणि व्हॅनचं तोंड राहतं रस्त्याकडे. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अंधारात गाडी मागेपुढे करत बसायला नको. किल्ली आरशाखालच्या हुकाला अडकते. ती तिथेच असणार, हे सगळ्या मोठ्यांना माहीत आहे.

आता तंबू. पिशवीवर 'सहा माणसांसाठी' असं छापलंय. त्याचा अर्थ सहा देह खांद्याला खांदा लावून, आणि मध्ये पाण्याची बाटली ठेवायलाही जागा नाही. आत आम्ही चौघं झोपणार, तेव्हा हे माप बरोबर. खाली ताडपत्री अंथरून मी तिच्या चारही कडा तंबूखाली आत दुमडते. एक कड जरी बाहेर डोकावली तरी वरच्या कापडावरून ओघळणारं दव त्या कडेवर साचून थेट अंथरुणाखाली येतं.

खुंट्या ठोकायचं काम थोरलीचं. खुंटीचं डोकं ती तंबूपासून लांब कलतं धरते आणि टोक तंबूच्या दिशेने जमिनीत घालते. रबरी हातोडीचे चार घाव बसतात, पाचव्याला आवाज बदलतो. खुंटी दगडाला लागलीय. ती जोर करत नाही. उपसते, वीतभर सरकवते आणि पुन्हा ठोकते. मग तणावा अडकवून दोरीवरची सरकती पट्टी वर ओढते. दोरी बोटाने छेडली की टंकार यावा इतपत ताण. प्रत्येक तणाव्याला ती पांढऱ्या कापडाची चिंधी बांधते, म्हणजे रात्री उठलेल्या माणसाचा पाय अडकणार नाही.

तंबूच्या दोन्ही बाजूंच्या जाळीच्या खिडक्या मी थोड्या उघड्या ठेवते. आई म्हणते, "अगं, थंडी शिरेल ना आत." शिरेल, पण थोडी. खिडक्या बंद केल्या तर चौघांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे ती अंगावर ठिबकते. ओल्या पांघरुणातल्या थंडीपेक्षा हवेशीर थंडी कितीतरी बरी.

आई आणि थोरली व्हॅनमध्ये झोपणार असं आधीपासून ठरलंय; दादा, वहिनी, धाकटा आणि मी तंबूत. म्हणजे आत चौघं. व्हॅन आईसाठी कशाला? तंबूत जायला वाकावं लागतं आणि उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो. व्हॅनच्या पलंगावरून मात्र पाय खाली सोडून उभं राहता येतं. मधलं बाक पुढे दुमडायचं, मागे सामानाच्या दोन पेट्या, त्यांवर प्लायवूडच्या दोन फळ्या आणि फळ्यांवर गादी, एवढाच पलंग. बाक उपटून काढलेलं नाही, गाडीला एक भोकही पाडलेलं नाही. गाडीच्या रचनेत कायमचा बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि सोमवारी सकाळी याच व्हॅनमधून मुलांना शाळेत सोडायचं असतं. समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या राहतील. त्या फटींवर वहिनीने मच्छरदाणीच्या कापडाचे तुकडे बेतलेत आणि कडांना लोहचुंबक शिवलेत; दारावर टेकवले की चिकटतात. इंजिन रात्रभर बंद. दिवा आणि मोबाइल गाडीच्या बॅटरीवर चालवायचे नाहीत, त्यासाठी वेगळी पॉवर बँक आहे. सकाळी गाडी सुरू व्हायला हवी असेल, तर तिची बॅटरी तिच्यासाठीच राखून ठेवावी.

सूर्य रतनगडाच्या बाजूला कलला की वहिनी डिकीचं दार वर उचलते. तिथे एक लाकडी पेटी आहे. तिचं झाकण पुढे पाडलं की त्याचाच ओटा होतो. आत कप्पे: मिसळणाचा डबा, सुरी, लायटर, चिमटा, तेलाची घट्ट झाकणाची बाटली. कांदा, मिरची, कोथिंबीर घरूनच चिरून डब्यात भरून आणलीय, रवा भाजून आणलाय. थंड पेटीत सुटा बर्फ नाही, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आहेत. बर्फाचा मोठा ठोकळा चुऱ्यापेक्षा सावकाश वितळतो, भाज्या पाण्यात भिजत नाहीत, आणि वितळल्यावर तेच पाणी पिता येतं. शेजारी तोटी लावलेला वीस लिटरचा पाण्याचा जार. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार-पाच लिटर धरलं की ओढाताण होत नाही.

शेगडी मात्र व्हॅनमध्ये पेटत नाही. ती वाऱ्याच्या आडोशाला, सपाट दगडावर, तंबूपासून चांगली दूर मांडलीय. छोटा सिलिंडरही रात्री बाहेरच राहणार, बंद करून. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साठून राहतो, आणि तिथे एक ठिणगी पुरते.

पिठलं रटरटतंय. मामांच्या घरून गरम भाकऱ्या येतात, आणि त्यांच्यामागून मामा येतात, घमेल्यात लालभडक निखारे घेऊन. आईला थंडी वाजते हे त्यांनी ऐकलंय. "हे गाडीत ठिवा आजीच्या पायाशी. रातभर ऊब ऱ्हाईल." त्यांच्या बोलण्यात निव्वळ माया आहे. वहिनी घमेलं दोन्ही हातांनी घेते आणि उघड्यावर, सगळ्यांच्या मधोमध ठेवते. "मामा, इथेच ठेवू या. आजीपण शेकतील आणि आपणही बसू." मग शांतपणे कारणही सांगते. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. बंद जागेत झोपलेल्या माणसाला तो जागं होण्याची संधीच देत नाही. थंडी कितीही असो, शेगडी, कोळसा, निखारे यांतलं काहीही तंबूत किंवा गाडीत न्यायचं नाही. या एका गोष्टीत सवलत नाही, पाच मिनिटांचीही नाही. मामा मान डोलावतात आणि आईसाठी घमेल्याजवळ पाट सरकवतात.

उबेचा खरा उपाय अंथरुणाखाली आहे. अंगावर कितीही घ्या, जमीन खालून ऊब ओढतच राहते, आणि अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग तिला फारशी अडवू शकत नाही. म्हणून आधी फोमची मॅट, तिच्यावर घडी घातलेली गोधडी, मग स्लीपिंग बॅग. बॅग घेताना लेबलावरचा 'कम्फर्ट' हा आकडा बघायचा. 'एक्स्ट्रीम' हा आकडा जीव वाचवण्यापुरता असतो, झोपेसाठी नसतो. आईच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी जाते, टॉवेलात गुंडाळून. कानटोप्या आणि कोरडे मोजे सगळ्यांच्या उशाशी.

अजून थोडा उजेड आहे, तेवढ्यात तालीम. तंबूच्या छताखाली आडव्या दोरीला कापडी कप्पे टांगलेत. दादा धाकट्याला डोळे मिटायला सांगतो. "टॉर्च?" इवलासा हात पहिल्या कप्प्यात जातो. "पाणी?" दुसरा. "शिट्टी?" ती गळ्यातच आहे. "बूट?" इथे तो थबकतो, मग आठवून सांगतो, "पिशवीत, तोंड बांधून. सकाळी आधी उलटे करून झटकायचे."

विंचवासाठी ही सवय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं आणि असंख्य कोकणी जीव वाचले. पण ते औषध मिळतं दवाखान्यात, म्हणून जवळचा दवाखाना कुठे आहे ते आम्ही येतानाच बघून ठेवलंय, आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा आकडा मुलांनाही पाठ आहे. साप चावला तरी हेच: कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला शांत ठेवून, चावलेला भाग न हलवता, दवाखान्यात पोचवायचं. तंबूत आत-बाहेर करताना चेन दर वेळी बंद. मामांच्या घराच्या संडासापर्यंतची वाटही आम्ही उजेडात एकदा चालून आलोय, आईला हात धरून. आणि अंधार पडल्यावर पाण्याच्या बाजूला कोणीही जायचं नाही.

रात्री केव्हातरी वारा उठतो. वरचं कापड फडफडायला लागतं. दादाचा हात कप्प्यात जातो, डोक्याला टॉर्च चढते, चेन उघडते आणि लागते. पांढऱ्या चिंध्या उजेडात चमकतात, सैल पडलेला तणावा सापडतो, पट्टी वर सरकते. फडफड थांबते. धाकटा कूस बदलतो, जागा होत नाही. दादा परत येऊन झोपतो. एवढंच. दुपारी केलेलं प्रत्येक काम या दोन मिनिटांसाठी होतं. सहलीचं सामान महाग असावं लागत नाही. अंधारात, झोपेत, एका हाताने सापडावं लागतं.

सकाळी वरचं कापड दवाने निथळतंय, आतलं कोरडं आहे. कापड ओलं असताना आम्ही गुंडाळत नाही. ओला तंबू पिशवीत गेला की त्याला बुरशी धरते आणि शिवणींवरचा जलरोधक थर सुटायला लागतो. म्हणून तंबू उलटा करून उन्हात, आणि तोवर सांजा आणि चहा. निखारे रात्रीच पाणी ओतून विझवलेत. आता राखेत हात घालून ती गार असल्याची खात्री होते. मुलं हातभर अंतरावर रांग धरून माळ चालतात आणि कागदाचा कपटाही पिशवीत घालतात. ती पिशवी आमच्याबरोबर नाशिकला परत येणार.

निघण्याआधी शेवटचं काम लाकडी पेटीच्या झाकणावर. आतल्या बाजूला सामानाची यादी चिकटवलीय. थोरली पेन्सिल घेऊन बसते. जे वापरलं नाही त्यावर काट: घडीचं टेबल, दुसरी कढई, बॅडमिंटन. औषधाच्या डब्यावर आणि पावसाळी कापडावर काट कधीच मारायची नाही, ती न वापरता परत आली तर उत्तमच. मग ती विचारते, "आजी, तुला काय कमी पडलं?"

आई विचार करून सांगते, "पाठ टेकायची खुर्ची. शेगडीपाशी बसायला."

थोरली लिहिते: आजीची खुर्ची. आणि पुढे, न सांगता, कंसात: व्हॅनमध्ये उजवीकडे, दाराशी.